पाहुण्या तिसऱ्या

यंदा फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी माझा मेहुणा छत्तीस हजार रुपये घेऊन आमच्या घरी आला. हजर होतो चौघे: तो, त्याची थोरली बहीण म्हणजे माझी बायको, माझी आई आणि मी. पैसे त्याच्या एकट्याचे नव्हते. कोकणात खाडीकाठी त्याचं गाव आहे, तिथल्या बारा घरांनी प्रत्येकी तीन हजार काढले होते. ओहोटीला गावातल्या बायका चिखल उकरून तिसऱ्यांचे शिंपले काढतात आणि बाजारात वाटे लावून विकतात. काही वर्षांपासून हे वाटे लहान होत चालले होते. एक व्यापारी दूर दक्षिणेकडच्या खाडीतून नखाएवढ्या तिसऱ्या, म्हणजे बी, आणून द्यायला तयार होता. त्या आपल्या खाडीत सोडल्या की पुढच्या वर्षी पुन्हा भरपूर, असा गावाचा अंदाज.

“पैसे देण्याआधी पुण्याच्या जावयाला विचारून ये, म्हणाले सगळे. दुलाभाई, हो की नाही, एवढंच सांगा.”

पंचवीस वर्षांच्या नोकरीत घरच्या माणसाने माझ्या विषयातला प्रश्न विचारण्याची ही पहिलीच वेळ होती. माझा विषय तिसऱ्यांचा. समुद्र आमच्यापासून चार-पाच तासांवर, त्यामुळे माझ्यापर्यंत त्या अल्कोहोलच्या बाटल्यांतून येतात. तिसरीची पिल्लं जन्मल्यावर दोन-तीन आठवडे पाण्यात तरंगतात आणि मग चिखलात बसतात. तेवढ्या दिवसांत प्रवाह त्यांना कुठेही नेऊ शकतो. मग साऱ्या किनाऱ्यावरच्या तिसऱ्या एकाच कुळातल्या, की खाडीगणिक कूळ वेगळं? मांसाचा तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घ्यायचा आणि त्यातल्या डीएनएवरून हे ताडून पाहायचं, हे माझं काम.

आमच्या घरात शिंपल्यातलं खात नाहीत. बायकोच्या माहेरी आवडीने खातात. दोन्ही घरं नमाजी, पण रिवाज वेगळे. ज्या जिवावर माझं घर चाललं त्याची चव मला अजून ठाऊक नाही. आईला याची गंमत वाटते. “खायच्या नाहीत, विकायच्या नाहीत,” ती पाहुण्यांना सांगते, “नुसतं त्यांचं खानदान शोधत बसायचं.”

त्या दोन्ही खाड्यांचे नमुने मी पूर्वी तपासले होते. दोन्हीकडच्या तिसऱ्या वेगळ्या होत्या, यात शंका नव्हती. पण वेगळ्या आहेत म्हणून इथे जगणारच नाहीत, असं त्यावरून म्हणता येत नाही. डीएनएच्या ज्या जागा मी तपासल्या होत्या, त्या नातं सांगतात, प्रकृती सांगत नाहीत. हे मी मेहुण्याला शक्य तितक्या सोप्या शब्दांत सांगितलं.

“म्हणजे तुम्हाला माहीत नाही,” बायको म्हणाली.

“नाही.”

“पंचवीस वर्षांनी?”

“पंचवीस वर्षांत मला हे कोणी विचारलं नव्हतं.”

मेहुण्याने पैशांची पिशवी पुन्हा बॅगेत ठेवली. त्याचा चेहरा पडला होता. व्यापारी एप्रिलपर्यंतच थांबणार होता. पैसे बुडाले असते तर ज्यांनी ते काढले त्यांना तोंड दाखवायचं होतं त्याला, मला नाही.

त्याच्या खाडीत पावसाळ्यात वरून इतकं पाणी येतं की खारेपणा जवळजवळ जातो. तिथल्या तिसऱ्या पिढ्यान्‌पिढ्या ते सोसत आल्या आहेत. दक्षिणेकडच्यांना ते सोसेल का, एवढंच आधी पाहू, असं मी सुचवलं. पुढच्या खेपेला मेहुणा कॅनमध्ये खाडीचं पाणी, गावच्या लहान तिसऱ्या आणि व्यापाऱ्याकडून नमुन्याची एक पिशवी घेऊन आला. आमच्या गॅलरीत सहा टब मांडले. तीन टबांत गावच्या, तीन टबांत पाहुण्या.

“स्वयंपाकघरात येणार नाहीत ना?” आईने विचारलं.

“नाही.”

“मग राहू देत बिचाऱ्या.”

पाण्यात हवा सोडायचे पंप आणायला बुधवार पेठेत गेलो. दुकानदाराने विचारलं, “काय पाळताय? गोल्डफिश?”

“तिसऱ्या.”

“मग पंप कशाला? कांदा-खोबरं घ्या.” सहा पंप मोजून पिशवीत घालेपर्यंत तो हसलाही नाही.

पाच आठवडे मी रोज थोडं खारं पाणी काढून गोडं घालत गेलो. मेलेल्या तिसरीची शिंपली उघडी पडते. आई पहाटे फजरच्या नमाजाला उठायची, त्यामुळे बातमी आधी तिच्याकडे. “पाहुण्यांतल्या आणखी गेल्या,” ती चहाबरोबर सांगायची. गावच्याही मेल्या, पण कमी. शेवटच्या आठवड्यात पाहुण्यांच्या दोन टबांत एकही जिवंत उरली नाही.

एप्रिलमध्ये मेहुणा पुन्हा त्याच खुर्चीवर बसला.

“टब म्हणजे खाडी नव्हे,” मी सुरुवात केली.

“दुलाभाई!”

“माझे पैसे असते तर मी दिले नसते.” मग दुसरी भीतीही सांगितली. त्यातून थोड्या जगल्या आणि गावच्यांत मिसळल्या, तर पुढच्या पिढीची पाऊस सोसण्याची ताकद कमी होऊ शकते. आणि खाडीत एकदा मिसळलेलं पुन्हा निवडता येत नाही.

“शेजारच्या गावाने कालच व्यापाऱ्याला आगाऊ दिले,” तो म्हणाला. “त्यांच्या जगल्या तर मला गावात राहता येणार नाही.”

“जगतीलही. मी चुकत असेन.”

“हे तरी बोलू नका! मग आम्ही करायचं काय?”

“खाडीच्या मुखाजवळच्या काठावर मोठ्या तिसऱ्या आहेत. तिथे दोन पावसाळे खणू नका. बी त्याच देतील.”

“तिथे खाला खणते,” बायको म्हणाली. खाला म्हणजे तिची मावशी. “तिने दोन वर्षं काय खायचं?”

याचा मी विचार केला नव्हता. माझ्या सगळ्या आकड्यांत खणणारं माणूस कुठेच नव्हतं.

“बीचे पैसे आहेत ना तुझ्याकडे?” तिने भावाला विचारलं. “ते त्या काठावरच्या बायकांना द्या.”

“काही न करण्याचे पैसे?”

“व्यापाऱ्याला मेलेल्या तिसऱ्यांचे देणारच होतात की.”

गावात यावर दोन बैठका झाल्या. दुसरीत बरीच भांडणं झाली आणि दोन घरांनी आपले पैसे परत मागितले. ते सहा हजार बायकोने स्वतःच्या बचतीतून भरले. मला नंतर सांगितलं. शेजारच्या गावाचं काय झालं ते अजून कळायचं आहे, आणि आमच्या काठाचंही. मेच्या अखेरीस, पावसाआधी, त्या काठावर खणणाऱ्या नऊ बायकांना प्रत्येकी चार हजार रुपये देण्यात आले. खालाने तिचे दोनदा मोजून घेतले.