आत्याच्या तोंडून

चिखल्याच्या त्या घरी मी पहिल्यांदा गेले ती अपंगत्वाच्या दाखल्यासाठी. २०१५ चा उन्हाळा नुकता लागला होता. मसोलीत आमच्या संस्थेचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं आणि डहाणू-तलासरीतल्या गावांत, पाड्यांवर स्कूटरनं फिरून अपंग माणसांची विचारपूस करणं, त्यांना दाखले, कुबड्या, कानाची यंत्रं मिळवून देणं हे माझं काम होतं. या घरात जन्मापासून ऐकू न येणारी एक मुलगी आहे, एवढंच मला कळलं होतं.

मुलगी कसली, चोवीस-पंचवीस वर्षांची बाई होती. आईबाप गेलेले. चिकूची वाडी, बाजूला भाजीचे वाफे, मध्ये बैठं घर. त्यात तिचा मोठा भाऊ, वहिनी आणि बापाची विधवा बहीण राहायची. या बहिणीला अख्खी आळी आत्या म्हणायची, मीही म्हणायला लागले. मुलीला सगळे 'मुकी' म्हणायचे, अगदी तिच्यासमोर, जणू तेच नाव ठेवलं होतं. ती शाळेत कधी गेली नव्हती. बहिऱ्यांची जी शिकवलेली खुणांची भाषा असते ती तिला येत नव्हती. तिची भाषा घरात तयार झालेली होती आणि ती पूर्ण कळणारं माणूस एकच होतं, आत्या.

मला त्या दोघींना बोलताना बघायला फार आवडायचं. मनगटावर दोन बोटं टेकवली की भाऊ, कारण तो घड्याळ घालायचा. मानेमागे मूठ म्हणजे वहिनीचा अंबाडा. दोन्ही तळव्यांत स्वतःचे गाल धरले की आत्या. माझ्यासाठी तिनं स्कूटरची मूठ पिळायची खूण केली आणि स्वतःच खूप हसली. आत्या मला ओट्यावर बसवून एकेक खूण शिकवायची. माझी आई त्याच्या आदल्या वर्षी गेली होती. आत्या ताटात भाकरी वाढून "खा गं पोरी, हाडं दिसायला लागली तुझी," म्हणायची तेव्हा मला बरं वाटायचं. खरं सांगायचं तर त्या बाजूला काम नसतानाही मी तिथे डोकावू लागले.

पावसाळा संपत आला होता तेव्हा एका दुपारी आत्यानं मला मागच्या पडवीत नेलं. मुलीला बोलावलं, तिच्या ब्लाउजची बाही वर केली. दंडावर काळेनिळे वळ होते. काही जुने, पिवळे पडलेले.

"कोणी?" मी विचारलं.

आत्यानं मनगटाला दोन बोटं लावली. 

"का पण?"

"हाक मारली तर येत नाही म्हणून."

मला आधी काही कळेचना. ऐकू न येणाऱ्या माणसाला हाक ऐकली नाही म्हणून मारायचं? आत्या म्हणाली, "त्याला वाटतं मुद्दाम करते. वहिनी कान भरते. मी वाडीत गेले की हात उचलतो. मी घरात असते तर लावू दिला असता का त्याला हात?"

मी तेव्हाच पोलिसांत जाऊ म्हटलं. आत्यानं मुलीला विचारलं, मुलीनं मान हलवली, नको. आम्ही थांबलो. मी भावाशी बोलले. तो माझ्याशी नम्रपणे वागला, चहा दिला, "ताई, घरात भांड्याला भांडं लागतं," म्हणाला. त्यानंतर काही महिने वळ दिसले नाहीत. निदान मला दाखवले गेले नाहीत.

मग एके सकाळी आत्याचा फोन आला. "लवकर ये. खांदा गेलाय." मी पोचले तेव्हा मुलगी ओसरीवर बसली होती, उजवा हात डाव्या हातानं पोटाशी धरून. भाऊ घरात नव्हता. मी रिक्षा केली, तिघी डहाणूच्या दवाखान्यात गेलो. खांद्याजवळचं, हासळीचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून दिला. बाहेर बाकावर बसल्यावर मी मुलीकडे बघून टोपीची आणि पट्ट्याची खूण केली, पोलीस. या वेळी तिनं नको म्हटलं नाही. उलट मलाच ओढून उठवलं.

आत्या म्हणाली, "तू आहेस ना बरोबर, मग मी घाबरत नाही. तिला तोंड नाही, माझ्या तोंडून बोलेल ती."

पोलीस ठाण्यात हवालदार वयस्क होता, वाईट नव्हता. त्यानं मुलीला बसायला खुर्ची दिली, पंखा तिच्याकडे वळवला. एवढ्यात भाऊही तिथे आला आणि दाराशी उभा राहिला. त्याला कोणी कळवलं असेल याचा मी त्या क्षणी विचारसुद्धा केला नाही. हवालदारानं त्याला बाहेर थांबायला सांगितलं, पण दार उघडंच होतं.

"काय झालं, विचारा हिला," हवालदार आत्याला म्हणाला.

आत्यानं विचारलं. मुलीनं डाव्या हातानं सांगितलं, तोच एक हात मोकळा होता. उजव्या मनगटावर दोन बोटं. मग चिकू काढायचा बांबू उचलल्याची खूण, तो खाली आणलेला, आणि खांदा. माझं खुणांचं शिक्षण अर्धवट असलं तरी यात न कळण्यासारखं काहीच नव्हतं.

आत्या हवालदाराला म्हणाली, "चिकू काढायला शिडीवर चढले होते म्हणते. पाय घसरला."

माझ्याच ऐकण्यात चूक झाली असं मला वाटलं. मी आत्याकडे बघितलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"आत्या, ती असं नाही म्हणाली," मी म्हटलं.

"दोन वर्षांची होती तेव्हापासून मी सांभाळलीय तिला," आत्या हवालदारालाच म्हणाली. "तिचं मला नाही कळणार, तर कुणाला?"

"साहेब, तिनं भावाची खूण केली. बांबूची केली. मला या खुणा येतात, यांनीच शिकवल्यात."

"ताई, तुम्ही हिच्या कोण?"

मी संस्थेचं नाव सांगितलं. त्यानं मान हलवली, पण लिहिलं ते आत्याचं. मुलगी आमच्या तोंडांकडे आळीपाळीनं बघत होती. तिला वाचता येत नव्हतं, ऐकू येत नव्हतं, पण दाराशी उभ्या भावाचे खांदे सैल झालेले तिनं पाहिले. तिनं आत्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं आणि पुन्हा सगळं सांगायला लागली, जोरजोरात, घड्याळ, बांबू, खांदा, घड्याळ. आत्यानं तिचा तो डावा हात पकडला आणि स्वतःच्या मांडीवर दाबून ठेवला. हवालदाराला म्हणाली, "दुखतंय तिला. घरी नेते."

बाहेर भाऊ जीप घेऊन उभा होता. मी आत्याला फाटकाशी अडवलं.  "का?" एवढंच विचारलं.

तेव्हा पहिल्यांदा तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू संध्याकाळी मसोलीला जाशील, पोरी. मी कुठे जाऊ?"

तिचं खोटं नव्हतं. तिला मूल नव्हतं, माहेर म्हणजे हेच घर, आणि ते आता भाच्याचं होतं. हे सगळं मला समजत होतं. पण समजलं म्हणून राग गेला नाही. जीप निघाली तेव्हा मुलगी मागच्या सीटवरून माझ्याकडे बघत होती. तिला काय खूण करावी ते मला कळलं नाही.

मी संरक्षण अधिकाऱ्यांकडे गेले. घरातल्या छळापासून बायकांना संरक्षण देणाऱ्या कायद्याखाली नेमलेल्या त्या बाई होत्या. कायदा नवऱ्यापुरता नाही, भावाविरुद्ध बहिणीलाही दाद मागता येते, असं त्यांनी सांगितलं. पण त्याला तिची स्वतःची संमती हवी. आणि मला आता त्या घरात पाऊल टाकू देत नव्हते. वहिनी फाटकातूनच परतवायची. आत्या ओट्यावर दिसायची, मग आत जायची. मी फोन केला की उचलायची नाही.

हाड सांधलं असावं त्या सुमारास, एका सकाळी मी ऑफिस उघडायला आले तर मुलगी पायरीवर बसलेली. चिखल्याहून चालत आली होती. तुटलेली चप्पल हातात, पाय वाळूनं भरलेले. मला बघून उठली आणि स्कूटरची मूठ पिळली. मग तोंडासमोर हात धरून बोटं तळहातात घट्ट मिटली, कुणी तोंड मिटून घ्यावं तशी. ही खूण मला नवी होती. माझ्या चेहऱ्यावरून तिला ते कळलं, तिनं दोन्ही तळव्यांत गाल धरले, मग ते हात झटकून टाकले आणि पुन्हा मिटलेली बोटं दाखवली. आत्याचं नाव तिनं बदललं होतं.

त्या दिवसापासून ती माझ्या खोलीवर राहिली. बोईसरला बहिऱ्या मुलांच्या शाळेतून निवृत्त झालेल्या एक शिक्षिका होत्या, त्यांना मी विनंती केली. त्या म्हणाल्या, हिची भाषा शाळेतली नाही, मला आधी हिच्याबरोबर बसावं लागेल. बऱ्याच दुपारी त्या येऊन बसल्या. भाजी निवडत, पापड लाटत, एकमेकींच्या खुणा शिकत. मग आम्ही अर्ज केला.

अधिकारीबाईंनी दोन्ही बाजूंना बोलावलं. भाऊ, वहिनी, आत्या आले. आत्या वाळली होती. तिला विचारलं तेव्हा तिनं पुन्हा शिडीच सांगितली, त्याच शब्दांत. मला आशा होती, अगदी त्या क्षणापर्यंत, की या वेळी ती बोलेल. 

शिक्षिकाबाईंनी मुलीला विचारलं. मुलगी उठली. तिनं खुणा केल्याच नाहीत. टेबलाजवळचा लांब दांड्याचा झाडू उचलला आणि ती भाऊ झाली. त्याची चाल, घड्याळ वर सरकवायची त्याची लकब, मागून येऊन दांडा उगारणं. मग पुढे होऊन ती स्वतः झाली, पाठमोरी भांडी घासणारी, काही माहीत नसलेली. खाली कोसळली. उठून वहिनी झाली, दार लावून घेतलं. शिक्षिकाबाई बोलायच्या थांबल्या होत्या, बोलून सांगण्याची गरजच नव्हती. भाऊ खुर्चीवरून "हे शिकवलंय सगळं," म्हणाला, पण दुसऱ्यांदा म्हणाला नाही.

शेवटी ती खोलीच्या कोपऱ्यात गेली. चुलीपाशी बसल्यासारखी बसली, तोंड भिंतीकडे केलं, आणि दोन्ही हातांनी कान घट्ट झाकून घेतले.

ते कोण, हे कुणी विचारलं नाही.  "मी वाडीत गेले की हात उचलतो," आत्या पडवीत मला म्हणाली होती. मला तिनं वळ दाखवले, फोन केला, मला भाकरी वाढली, आणि दर वेळी ती तिथेच, चुलीपाशी होती. पोलीस ठाण्यातलं खोटं मी भीतीच्या खात्यावर टाकलं असतं. हे मला कुठेच टाकता येईना.

आत्या उठली, पदर सावरला आणि कुणाला न सांगता बाहेर गेली.

कोर्टाचा आदेश व्हायला वेळ लागला, पण झाला. भावानं तिला हात लावायचा नाही, तिच्या जवळ फिरकायचं नाही, आणि घरात राहायचा तिचा हक्क कायम. तो हक्क तिला नको होता. मसोलीत एका फुग्याच्या कारखान्यात तिला फुगे निवडून पाकिटं भरायचं काम मिळालं. शेजारच्या चाळीत खोली घेतली. शिक्षिकाबाईंनी तिला सही शिकवली. कामावरच्या बायका तिला तिच्या खऱ्या नावानं ओळखतात, आणि तिनं त्या प्रत्येकीला खुणेचं नाव दिलंय, त्यातली काही फार चावट आहेत.

आत्याचे निरोप येत राहिले, चिकू घेऊन येणाऱ्या बाईकडून. "जेवते का विचारा." मी ते मुलीला खुणांनी सांगायचे, लपवायचे नाही. ती बघून घ्यायची आणि पाकिटं भरत राहायची. मी स्वतः उत्तर धाडलं नाही.

२०१९ च्या सुरुवातीला भूकंपाचे धक्के रोजचे झाले होते. तलासरीकडे लोक मुलाबाळांना घेऊन घराबाहेर झोपत होते. चिखल्याच्या त्या घराच्या भिंतीलाही तडा गेल्याचं चिकूवालीनं सांगितलं. मुलीनं काम सुटल्यावर मला गाठलं आणि स्कूटरची मूठ पिळली. कुठे, मी विचारलं. तिनं मिटलेली बोटं दाखवली.

आम्ही गेलो. रस्त्यावरच थांबलो, कुंपणाबाहेर. वाडीत ताडपत्री बांधली होती आणि तिच्याखाली खाटेवर आत्या लसूण सोलत बसली होती. तिनं आम्हाला पाहिलं. हातातलं सूप बाजूला ठेवलं, दोन्ही हातांनी ये, ये म्हणाली. तोंडानंही काहीतरी बोलत होती, मला ऐकू आलं नाही.

मुलगी बराच वेळ बघत राहिली. आत्याचे हात-पाय, ताडपत्री, घराची भिंत, सगळं नीट बघून घेतलं. मला वाटलं ती आत जाईल, आणि खरं सांगते, मला ते नको होतं. तिनं माझी बाही ओढली. चल.

वाटेत तिनं बाजारापाशी उतरून बोंबील घेतले, कोळणीशी हातवारे करून भाव पाडला. रात्री तिच्या खोलीवर जेवायला बोलावलं.  तिनं मला खुणेनं विचारलं, अजून राग? मी हो म्हटलं. तिनं माझ्या ताटात आणखी एक बोंबील वाढला आणि स्वतःही जेवायला बसली.