वाढवलेलं

"हेच होतं," तो म्हणाला आणि माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

मी त्याचं ताट घेऊन दारात उभी होते. खुर्चीशेजारी त्याच्यासाठी चित्रं काढणारी राजापूरची मुलगी उभी होती. पडद्यावर काही बिघडलेलं दिसत नव्हतं. उलट पडदा नेहमीपेक्षा स्वच्छ दिसत होता, आणि तेच वाईट होतं. कित्येक वर्षं संध्याकाळी बसून त्याने जो खेळ बनवला, तो तिने त्या सकाळी पुसून टाकला होता.

तो माझा भाडोत्री. वरची खोली त्याला दिलेली, दोन वेळचं जेवण माझ्याकडे. पन्नाशीचा होता, एसटीच्या डेपोत स्टोअर सांभाळायचा. लग्न केलं नव्हतं. का ते मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. कामावरून आला की चहा घ्यायचा आणि कॉम्प्युटरवर खेळ बनवत बसायचा. खेळणं वेगळं आणि बनवणं वेगळं, हे माझ्या डोक्यात शिरायला एक पावसाळा गेला.

खेळ असा होता. एक खाडी, तिच्यावर पूल नाही, एक होडी. माणसं, शेळ्या, सायकली, लग्नाचं वऱ्हाड सगळं पलीकडे न्यायचं आणि ओहोटीने होडी गाळात बसायच्या आत परत यायचं. त्याच्या गावाला पूल झाला नव्हता तेव्हा तो अशाच तरीच्या होडीतून शाळेला जायचा. या खेळावर त्याला काही कमवायचं नव्हतं. तो लोकांच्या फोनवर जावा आणि कोणीतरी होडी पलीकडे लावावी, एवढंच त्याला हवं होतं. "लोकांच्या हातात गेला की मी मोकळा," म्हणायचा.

खेळ तपासायला मला बसवायचा. "काकी, तुम्हाला यातलं काही कळत नाही, म्हणून तुम्हीच हव्यात," असं तोंडावर सांगायचा. मला राग नाही आला. माझी शाळा चौथीपर्यंत, मला काय कळणार? मी भलतीकडे बोट दाबायचे आणि होडी जमिनीवर चढायची. तो खूश व्हायचा. एकदा माझ्या हातून नवरा मुलगा खाडीत पडला आणि वऱ्हाड त्याला टाकून तसंच पुढे चालू लागलं. त्या दिवशी तो हसता हसता जेवायचं विसरला.

डेपोत मी एकदा त्याचा विसरलेला डबा द्यायला गेले होते. प्रत्येक नट आपल्या खणात, प्रत्येक खणावर चिठ्ठी. आणि घरचा कॉम्प्युटर उघडला की फायलींची नावं काय? "हेच." त्याच्याखाली "हेच खरं." मग "हेच घे," "आता हेच," "कालचं सोडून हेच."

"मेल्या, यातलं खरं कुठलं?" मी विचारलं.

"नट काल होता तोच आज असतो, काकी. हे रोज बदलतं. कालचं हेच आज हेच राहत नाही."

तुम्हाला वाटेल हा एकटाच असा. तसं नाही. त्याच्या फोनवरच्या ग्रुपात खेळ बनवणारे असे हौशी लोक खूप होते, कोणी मास्तर, कोणी बँकेतला. सगळ्यांची हीच तऱ्हा, असं तो सांगायचा. एकाकडे "शेवटचं" नावाच्या इतक्या प्रती होत्या, की तुझं शेवटचं येणार कधी म्हणून बाकीचे त्याला चिडवायचे.

आता त्याची खोड सांगते, कारण सगळं तिच्यावरून झालं. अशुभ शब्द तो तोंडातून काढत नसे. जातो म्हणायचं नाही, येतो म्हणायचं, हे आपण सगळेच करतो. पण हा फार पुढे गेलेला. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. दुकान बंद नाही, वाढवलं. कप फुटला तरी "काकी, कप वाढला." आईने लावलेली सवय, म्हणायचा. मी एकदा त्याला सांगितलं, "माझ्या बांगड्या वाढवल्या तेव्हा माझं काही वाढलं नाही." तरी त्याने सवय सोडली नाही.

खेळातलं जे बिघडायचं, ते टाकायला त्याने कॉम्प्युटरमध्ये एक फोल्डर केलं होतं. मोडलेलं पुसायचं नाही, उद्या त्यातलं काही उपयोगी पडेल, हा त्याचा नियम. जमिनीवर चढणारी होडी, पाण्यावरून चालणारी माणसं, उलटी शेळी, सगळं त्यात. त्याच्यावर "मोडलेलं" असं लिहायला त्याचा हात होईना. म्हणून त्याने नाव ठेवलं, "वाढवलेलं."

राजापूरच्या मुलीची ओळख त्याला त्या हौशी लोकांतूनच झाली. ती एका बॅनरच्या दुकानात कामाला होती आणि खेळातली चित्रं काढायची. रविवारी एसटीने यायची, संध्याकाळच्या गाडीने परत जायची. त्याला काका म्हणायची, मला आजी. हात चलाख, बोलणं कमी.

त्या रविवारी कॉम्प्युटरमध्ये जागा उरली नव्हती. साफसफाई करायला दोघं बसणार, तर याला डेपोतून बोलावणं आलं. जिन्यावरून उतरताना त्याने तिला सांगितलं, की पूर्ण झालेलं आणि ताजं असेल ते ठेव, बाकीचं काढून टाक. तिने पाहिलं. हेच, हेच खरं, आता हेच, सगळी कच्ची वाटली. आणि एक मोठं फोल्डर, त्याच सकाळची तारीख असलेलं, "वाढवलेलं." सकाळीच त्याने त्यात बिघडलेला पाऊस टाकला होता. तिच्या दुकानात गिऱ्हाईक फोटो घेऊन येतं आणि म्हणतं, हा वाढवून द्या. वाढवलेला फोटो म्हणजे झालेलं काम. तिने याला फोन लावून पाहिला, पण डेपोच्या पत्र्याखाली त्याचा फोन लागत नसे. मग तिने वाढवलेलं ठेवलं आणि बाकी सगळं पुसलं. पेनड्राइव्हवर जुनी प्रत होती, तीही पुसून तिथे वाढवलेलं भरलं. काम अगदी चोख केलं होतं.

तो आला, बसला, शोधलं आणि म्हणाला, "हेच होतं."

ती रडायला लागली. तो तिला काही बोलला नाही, म्हणून मीच त्याच्यावर ओरडले, की तिला चार शब्द सुनाव, तिलाही बरं वाटेल. तो म्हणाला, "तिने वाचलं ते बरोबरच वाचलं, काकी."

दुसऱ्या दिवशी स्टँडजवळच्या दुकानदाराने कॉम्प्युटर उघडून काही तुकडे परत काढून दिले. नुसते आकडे लिहिलेले, कशाचं काय कळेना. माझ्या फोनवर त्याने तपासायला घालून दिलेला जुना खेळ होता. तो खेळता येई, पण त्याच्यावरून नवा बनवता येत नाही म्हणे. शिजलेल्या भाताची पेरणी होत नाही, तसं.

पुढच्या रविवारी मुलगी आली नाही. त्याने फोन केला. मी तिथेच भाजी चिरत होते. "ये. चित्रं कोण काढणार?" एवढंच बोलला. त्याच्या पुढच्या रविवारी ती आली आणि बसण्याआधीच म्हणाली, की आधी त्या फोल्डरचं नाव बदला, मग मी हात लावीन. तिचं म्हणणं रास्त होतं. त्याने बोटं कीबोर्डवर ठेवली. ठेवली आणि तशीच राहिली. मुलीकडे पाहिलं, तर ती पडद्याकडे बघत उभी.

"सर बाजूला," मी म्हटलं. "मोडलं त्याला मोडलं म्हणायला काय लागतं?"

अक्षरं कुठे आहेत ते मुलीने दाखवलं आणि मी एका बोटाने लिहिलं, मोडलेल. तो वाकून बघत होता. "काकी, अनुस्वार राहिला," म्हणाला, आणि तेवढा अनुस्वार त्याने स्वतः दिला.

मग त्यांनी त्या मोडलेल्यातूनच खेळ पुन्हा उभा केला. जमिनीवर चढणारी होडी आधी पाण्यात उतरवली, मग माणसांना पाण्यावरून उचलून तिच्यात बसवलं. हळूहळू आधीच्यापेक्षा बरी खाडी झाली, असं मुलगी म्हणायची. तो काही म्हणायचा नाही. पण जेवताना आज काय झालं ते सांगायचा, ते पूर्वी सांगत नसे. होडी निघायला लागली. पलीकडचा धक्का तेवढा व्हायचा होता.

गणपतीनंतर एक दिवस डेपोत काम करता करता त्याच्या छातीत कळ आली. दवाखान्यात न्यायच्या आत मेला. मी तसंच लिहिते.

गावाहून भाऊ आला, गादी आणि भांडी घेऊन गेला. कॉम्प्युटर विकायचा का, असं त्याने मला विचारलं. मी म्हटलं, तो त्या मुलीचा. रविवारी ती आली, आम्ही दोघींनी तो चादरीत बांधला. खालच्या पायरीवर बसून तिने विचारलं, "आजी, पुढचं मी करू का? काकांचं आहे."

"कर," मी म्हटलं. "नाहीतर ती माणसं होडीतच बसून राहतील."

मध्ये एकदा तिचा फोन आला. त्याने पुन्हा सगळीकडे हेच, हेच लिहून ठेवलं होतं आणि तिला खरं कुठलं ते समजेना. मला तरी कुठे माहीत? एकेक उघडून बघ, म्हटलं. तिने सगळी बघितली.

मे महिन्यात ती आली आणि माझ्या फोनवर खेळ घालून दिला. आता तो कोणालाही घेता येतो. मी होडी सोडली. या वेळी भलतीकडे बोट लावलं नाही. पलीकडे जांभ्या दगडाचा धक्का होता, होडी त्याला लागली. वऱ्हाड उतरलं, सायकलवाला उतरला. शेवटी एक शेळी पाय वर करून उतरली. ही तुझी चूक का, मी विचारलं. ती म्हणाली, ती काकांनी मुद्दाम तशीच ठेवलेली.

खेळ पुसला त्या रविवारी वरच्या खोलीत आम्ही तिघं होतो. त्यांतली ती आहे आणि मी आहे.