लाकडी चेहऱ्याआड

इकडे परदेशात, माउंट रॉस्किलला, आमच्या घरामागच्या छोट्या युनिटमध्ये गढवालचा एक आचारी एकटाच राहायचा. मी फार्मसीतून दमून आले की कुंपणापलीकडून हिंदीत हाक मारायचा, "दीदी, राजमा केलाय, घेऊन जा."

त्याच्या गावी वैशाखात देवळासमोर लाकडी मुखवटे घालून नाचतात. त्यातला म्हाताऱ्या देवाचा मुखवटा त्याच्या घराण्याकडे. वडील जन्मभर तो घालून नाचले, डावा पाय किंचित ओढत. ते गेले तेव्हा व्हिसाचं अडलं होतं, त्याला जाता आलं नाही.

गेल्या एप्रिलमध्ये एका संध्याकाळी तो मोबाइल घेऊन दारात उभा राहिला. "गावात नाच सुरू आहे. एकट्यानं बघवत नाही. बसता का जरा?"

मामेभाऊ तिकडून व्हिडिओ दाखवत होता. कुलूप लावलेली घरं, पायऱ्यांवर वाढलेलं गवत, अंगणात जेमतेम पंधरा माणसं. ढोल वाजू लागला आणि म्हातारा देव आला. गोल फिरताना त्याचा डावा पाय मागे ओढला गेला.

"बाबा," तो पुटपुटला.

पाय पुन्हा ओढला गेला. मग पुन्हा.

ढोल थांबला. मुखवटा उतरला. आत घामानं भिजलेली, पांढऱ्या केसांची बाई. त्याची आई! बायकांनी मुखवटा घालायचा नसतो, पण घराण्यातला एकही पुरुष गावात उरला नव्हता. पंचांनी शेवटी मान डोलावली होती.

"आई, बाबांसारखं लंगडायला कधी शिकलीस?"

ती धापा टाकत हसली. "मी कुठे लंगडले? माझे पाय धड आहेत की."

मामेभावानं कॅमेरा तिच्या पायांकडे वळवला. ती सरळ चालत पायऱ्या चढून गेली.

फोन बंद झाल्यावरही तो आमच्या सोफ्यावर बराच वेळ बसून होता. चहा दिला, तो तसाच राहिला. माझ्या वडिलांचे अंत्यसंस्कार मी अशाच एवढ्याशा स्क्रीनवर पाहिले होते. ते त्याला सांगावंसं वाटलं, पण जमलं नाही.

महिनाभरात नोकरी सोडून तो गावी गेला. जाताना राजम्याचा कुकर मला देऊन गेला.

यंदा वैशाखात, नाचाच्या दिवशी, त्याचा व्हिडिओ कॉल आला. फोन वाजून थांबेपर्यंत मी हातातल्या त्या एवढ्याशा स्क्रीनकडे नुसती बघत राहिले. नंतर मेसेज केला, ड्यूटीवर होते.

त्या दिवशी मला सुट्टी होती.