पागोळीची जागा

माझा देवजीमामा म्हणजे घरात कारागीर शिरू न देणारा माणूस. कौलं तो स्वतः चाळायचा, चूल स्वतः घालायचा, कपाटाचं दारही त्यानंच बसवलेलं, ते कधीच नीट लागलं नाही. कुणी हसलं की म्हणायचा, "वाकडं काम करायला परका मानूस कशाला? ते मला पन येतं."

सिद्धगडाच्या पायथ्याशी त्याचं घर, आणि मुरबाडला एका कारखान्यावर रखवालदाराची नोकरी. तिथल्या शेडला पत्र्याची पन्हळ होती. पाऊस लागला की छपराचं सगळं पाणी पन्हळीतून गुमान एका कोपऱ्यात येऊन पडायचं. मामा एक अख्खा पावसाळा ते बघत बसला. नाहीतरी बघत बसण्याचाच त्याला पगार होता. मग अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात दोन जाडे प्लास्टिकचे पाइप सायकलला बांधून तो घरी आला.

हे सगळं पारूमामीसाठी चाललं होतं, तोंडानं तो कधी बोलला नाही तरी.

घराला दारं दोनच. पुढचं दार पडवीत, आणि पडवीत माझे आजोबा सकाळपासून दिवेलागणीपर्यंत ठाण मांडून. त्यांच्यासमोरून जायचं तर मामीनं डोक्यावर पदर घ्यायचा, चपला हातात धरायच्या, आणि "कुठं चाललीस गो?" याचं उत्तर द्यायचं. लग्नाला सतरा वर्षं झाली होती तरी हा प्रश्न चुकला नव्हता. दुसरं दार स्वयंपाकघराचं. ते बाजूच्या बोळात उघडायचं. बोळ अडीच हातांचा, पलीकडे मामाचा चुलतभाऊ कमळू. या दारानं मामी विहिरीवर जाई, मैत्रीण रखमीकडे जाई, करवंदं काढायला जाई, आणि कुणी काही विचारत नसे.

पावसाळ्यात मात्र छपराच्या पागोळ्या त्याच बोळात पडत. दारात चिखल, कुडाची भिंत भिजून फुगलेली, आणि विहिरीचं गढूळ पाणी हंड्यानं आणता आणता मामीची कंबर जायची. मामाचा बेत सरळ होता. पन्हळ लावायची, पाणी दाराशेजारच्या पिंपात सोडायचं.

पाइप त्यानं करवतीनं उभे चिरले. वाशांना लोखंडी पट्ट्या ठोकल्या, सुतळी ताणली आणि एक टोक चार बोटं खाली घेतलं. तांब्याभर पाणी ओतून पाहिलं तर ते उलटंच गेलं. सगळं सोडवून पुन्हा बांधलं. पिंपाच्या बुडाशी भोक पाडून त्याला लाकडाचं बूच तासलं.

आजोबा पडवीतून ओरडले, "पागोळी अडवू नको रे, देवज्या!"

आजोबा सगळ्यालाच नको म्हणत. वीज घेतली तेव्हाही म्हणाले होते. मामानं ऐकलं न ऐकलं केलं. का नको, हे आजोबांनी सांगितलं नाही. मुलाला कारण सांगायची त्यांना सवयच नव्हती, आणि याचा मला अजून संताप येतो.

तीन पावसाळे मामी राणीसारखी राहिली. भिंत कोरडी, दारात चिखल नाही, पिंप काठोकाठ. भांडी घासताना ती चक्क गुणगुणायची.

मग कमळूनं पक्कं घर काढलं आणि जोत्याची दोरी थेट बोळात टाकली.

आमच्याकडची रीत अशी, की छपराची पागोळी पडते तिथपर्यंतची जागा त्या घराची. कागद कुणाकडेच नसतो. पागोळ्यांनी जमिनीत पाडलेली खळग्यांची ओळ, तोच कागद. मामा तावातावानं पंचांना घेऊन आला. त्यांतल्या एकानं खाली वाकून बघितलं. "तुजी पागोळी कुठं पडतं ती दाखव."

खळगे केव्हाच बुजले होते. वर शेवाळ धरलं होतं.

कमळू शांतपणे म्हणाला, "त्याची पागोळी त्याच्याच पिंपात पडतं. मी नाय अडवली."

गावातल्या शेंबड्या पोरालाही जे ठाऊक होतं, ते मामा विसरला होता. त्यानं स्वतःच्या हातानं आपला कागद फाडला होता. पंच मान हलवत निघून गेले. आजोबा पडवीत बसून होते. "मी सांगितला होता," एवढंच म्हणाले.

भिंत उठली. कमळूनं उपकार म्हणून हातभर जागा सोडली, पिंपाला पुरेल एवढी. पुढच्या बाजूनं ती त्यानं विटांनी बंद केली, मागे तर डोंगराची दरडच. स्वयंपाकघराचं दार उघडलं की समोर विटा. दुसरीकडे नवं दार पाडावं तर तिकडची भिंत मामाच्या धाकट्या काकांशी सामाईक. उरलं पडवीचं दार, आणि बापाला "तिला विचारू नका" म्हणण्याची मामाची छाती नव्हती. मामीला तो एवढंच म्हणाला, "चुकला माझा." त्या दिवसापासून तिचं गुणगुणणं बंद झालं.

त्या जुलैत मी आठ दिवस तिकडे होते. दुसऱ्या सकाळी मामी पदर घेऊन, हातात चपला धरून पडवीत आली.

"कुठं चाललीस गो?"

"पान्याला."

"पानी तं घरातच हाय. पिंप भरलाय. बाहेर काय काम?"

मामी उभी राहिली. वीस वर्षांत घराबाहेर पडायला तिला पाण्याशिवाय कारण कुणी ठेवलंच नव्हतं, आणि तेही नवऱ्यानं प्रेमानं दारात आणून ठेवलं होतं. ती आत वळली.

तिसऱ्या सकाळी मी चुलीपाशी बसले होते. मामा रात्रपाळी करून नुकताच आला होता. मामीनं बोळाचं दार उघडलं, वाकली आणि पिंपाचं बूच उपटलं. भरलेलं पिंप खळखळत रिकामं झालं, पाणी कमळूच्या भिंतीखालच्या भोकातून निघून गेलं. पाणी संपेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. मामानं पाहिलं. हातातला चहा तसाच राहिला. मग तो उठला, दारात जाऊन पिंपावरच्या पन्हळीचा सांधा त्यानं हातानं ओढून सोडवला, आणि पुन्हा येऊन बसला.

मामीनं रिकामा हंडा कमरेवर घेतला, पदर डोक्यावर ओढला.

"कुठं चाललीस गो?"

"पान्याला," मामी म्हणाली. या वेळी ती थांबली नाही.