मिक्सरचा आवाज

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, ज्या बाईंकडे समुपदेशनाला जायचे त्यांनाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही कदाचित माझी कादंबरी वाचली असेल, म्हणून.

तिच्यात कांदिवलीतल्या जुन्या बिल्डिंगमधली एक मुलगी आहे. बाप तिला पट्ट्याने मारतो, आणि शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून आई मिक्सर लावते. ती मुलगी म्हणजे मीच, असं लोकांनी धरलं. मीही धरू दिलं. लिहून मोकळं वाटलं का, असं विचारतात. मी हो म्हणते. खरं तर काहीच वाटत नाही.

मला बाबांनी कधी बोटही लावलं नाही. मार खायचा तो माझा धाकटा भाऊ, सुहास. कादंबरीत मला भाऊच नाही.

आणि मिक्सर — तो आई लावायची नाही. पहिल्यांदा तिने डोळ्यांनी खुणावलं, एवढंच. नंतर बाबांचा हात पट्ट्याकडे गेला की मी आपणहून उठायचे. ओलं खोबरं नसलं तर भिजवलेले तांदूळ घालायचे. लहान होते, कळत नव्हतं — असं म्हणू? पण कळत होतं. एकदा मध्येच फ्यूज उडाला. मिक्सर थांबला, सुहासचं रडणं जिन्यापर्यंत गेलं, आणि समोरच्या काकूंनी दार ठोठावलं. बाबांनी पट्टा खाली टाकला. आवाज बाहेर गेला की मार थांबतो, हे मला त्या दिवशी समजलं.

पुढच्या वेळी मी मिक्सर लावला.

का? चार लोकांत आपली शोभा नको — दुसरं काही डोक्यात नव्हतं.

सुहास आता मुलुंडला असतो. कादंबरी वाचून त्याने फोन केला.

"मस्त लिहिलंयस गं ताई. फक्त मिक्सर आई नव्हती ना लावत."

"कादंबरी आहे रे ती," मी म्हटलं.

"हो ना," म्हणाला, आणि मुलीच्या शाळेचं बोलत राहिला. माझी छाती धडधडायला हवी होती. नाही धडधडली.

आई तोवर गेलेली होती. तिला कुणी विचारणार नव्हतं.

परवा दुसरी आवृत्ती आली. काही दुरुस्त्या आहेत का, असं प्रकाशकांनी आधी विचारलं होतं. मी दोन-तीन काने-मात्रे सुधारून दिले. मिक्सर अजून आईच लावते.