इंद्रधनुष्याची कॅसेट

आमच्या घरातला कॉम्प्युटर काळाच्या पुढे होता, हे मी पस्तीस वर्षं ऐकवतो आहे आणि घरचे तितकीच वर्षं भाजी निवडत आहेत. मामांनी तो आखातातून आणला. दिसायला नुसता जाडजूड कीबोर्ड. जोडायचा घरच्या टीव्हीला. चिखलीच्या कॉम्प्युटर क्लासमधली यंत्रं काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं काढत आणि चुकलं की टीं करत. आमचा रंगीत चित्रं काढी, तीन सुरांत गाई. तरी जग क्लासच्या यंत्रांमागे गेलं. नोकऱ्या तिकडे होत्या; आमच्याकडे फक्त इंद्रधनुष्य.

ते चित्र मीच बनवलं होतं, अख्खा उन्हाळा प्रोग्राम लिहिण्यात खर्चून. प्रोग्राम साध्या गाण्याच्या कॅसेटवर भरून ठेवायचा. ती लावली की किर्र आवाज येई, आणि तो ऐकत ऐकत कॉम्प्युटर चित्र काढी.

गेल्या महिन्यात बायकोने निकाल दिला. "रविवारी भंगारवाला येते. त्याच्या आधी चालवून दाखवा. चालला तं राहील."

नव्या टीव्हीला तो जोडता येईना, म्हणून उंद्रीच्या टीव्ही दुरुस्तीवाल्या चाचांकडून जुना टीव्ही उसना आणला. देताना ते म्हणाले, "टीव्ही तो चलेगा भाई, अपनी मशीन का देखो." माळ्यावरचा टेपरेकॉर्डर पुसून वायरने कॉम्प्युटरला जोडला. आईला आणि बायकोला खुर्च्यांवर बसवलं, खिडक्या लावल्या, घसा साफ केला आणि बटण दाबलं.

कॉम्प्युटर जिवंत होता. कॅसेट फिरली, आणि तो ऐकतो आहे याची खूण म्हणून पडद्याच्या कडांना रंगीत पट्टे थरथरले. आणि आमच्या गल्लीतल्या पोरी भुलाबाईची गाणी म्हणू लागल्या.

"हे तं आपलेच गाणे," आई म्हणाली. "तुही कॅसेट बिघडेल होती नं बाप्पा. नुसती किरकिर करे. मंग म्या त्यात हे भरून घेतले."

"कधी?"

"तू कॉलेजले गेला तवा."

बायकोने टाळ्यांचा ठेका धरला. आईला त्या दिवशीची खिरापतसुद्धा आठवली. कॉम्प्युटर मात्र एकेक ओळ मन लावून ऐकत होता, यातच कुठेतरी इंद्रधनुष्य असेल म्हणून. पट्टे थरथरत राहिले. क्लासच्या यंत्राने निदान टीं तरी केलं असतं. याला थांबायचंच ठाऊक नव्हतं. मीही वायर हातात धरून तसाच उभा.

कॅसेट संपली. "पुन्हा लाव," आई म्हणाली.

"चालला की," मी बायकोला म्हणालो.

"टेप चालला," ती म्हणाली. "टेप राहील. डबा रविवारी जाईल."