बडोदे, कुंकू आणि मुक्ताचा उंचवटा

"दादा, सोमवारच्या आत येऊन जा," असं धाकट्या बहिणीनं फोनवर रडवेल्या आवाजात सांगितलं आणि शनिवारी सकाळी सहाला मी नाशिकहून गाडी काढली. मुक्ता बडोद्याला प्लाझ्मावर पीएचडी करते. म्हणजे वायूला इतकी ऊर्जा द्यायची, की अणूंमधले इलेक्ट्रॉन सुटे होतात. ती हे दरवेळी समजावून सांगते आणि मी दरवेळी मान डोलावतो.

जाणाऱ्यांनी वणी-सापुतारा-वासदा रस्ता धरावा. घाट देखणा आहे, वघईला चहा बरा मिळतो. चिखलीनंतर हायवेवर मात्र ट्रकांमागे संयम लागतो. भरूचला खारी सिंग, म्हणजे खारे शेंगदाणे, घ्यायचीच. मी दोन पुडे घेतले, बडोद्याला एक पोचला.

बडोद्याच्या समा भागातल्या घरी मुक्ताच्या सासूबाईंनी दार उघडलं. "जय श्रीकृष्ण! आरामथी आलात ने?" आणि पाणी देता देता हळूच, "ती टेन्शनमधे आहे. बहुतेक माझ्यामुळेच."

प्रकरण जेवताना कळलं. मुक्ताच्या आलेखाच्या टोकाला एक छोटा उंचवटा येत होता. यंत्रानं दिलेल्या ऊर्जेपेक्षा काही इलेक्ट्रॉनांकडे जास्तच ऊर्जा होती.

"मग त्यांनी आणली कुठून?" मी विचारलं.

"तेच तर कळत नाही! सर म्हणतात मोजण्यातली चूक आहे, सोमवारी प्रबंध देताना काढून टाक. पण दादा, तो उंचवटा खरा असला तर?"

आता सासूबाईंचा गुन्हा. खंडेनवमीला त्यांनी यंत्रासाठी हळदकुंकू आणि झेंडूची फुलं पाठवली होती. आमच्या शास्त्रज्ञ बाईंनी भक्तिभावानं कुंकवाचं बोट टेकवलं ते नेमकं मोजणारं यंत्र ज्या काचेतून आत बघतं, त्या काचेवर. उंचवटा दिसायला लागला तो दसऱ्यानंतरच. तेव्हापासून सासूबाईंना जेवण जात नव्हतं.

रविवारी सकाळी सेव उसळ खाल्ली. साठ रुपयांत पोट भरतं, पण जादा तिखट रस्सा मागून शौर्य दाखवू नका, मी दाखवलं. मग तिघं प्रयोगशाळेत गेलो. मुक्तानं स्पिरिटनं काच लखलखीत पुसली. सासूबाई शेजारच्या खोलीत सुखडीचा, म्हणजे गूळपापडीच्या वड्यांचा, डबा मांडीवर घेऊन बसल्या. बटण दाबलं, पडद्यावर क्षणभर जांभळा उजेड दिसला, आलेख आला.

उंचवटा जागच्या जागी होता.

"हाश! माझं कुंकू सुटलं," म्हणत सासूबाईंनी पहिली सुखडी स्वतःच खाल्ली. मुक्ता हसत होती आणि डोळे पुसत होती. तिनं आणखी अकरा वेळा तपासलं. संध्याकाळी प्रबंधात उंचवट्याचा आलेख ठेवून तिनं खाली लिहिलं, 'कारण समजलेले नाही.' वाचून मला भीती वाटली. चार वर्षांच्या कष्टांवर सर याच वाक्यावरून काट मारू शकले असते.

सोमवारी परत निघालो. येताना सिंगचे चार पुडे घेतले, दोन पोचले. नाशिकला येऊनही प्लाझ्मा मला कळलेला नाही. पण 'माहीत नाही' म्हणायला इतकं धाडस लागतं हे ठाऊक नव्हतं. ऑफिसात मी ते टाळण्यासाठीच पानंच्या पानं लिहितो.

बुधवारी तिचा फोन आला. "दादा, सरांनी वाक्य ठेवलं. फक्त एक शब्द घातला."

"कोणता?"

"कारण अद्याप समजलेले नाही."